वाबळेबाईंचा पाण्याचा धडा

वाबळेबाई गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. मधली सुट्टी नुकतीच संपली होती. मुख्याध्यापकांचा निरोप आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मीही त्या रांगेत हात जोडले आणि आठवीच्या वर्गावर जाऊन समास शिकवला. दौंडला भाड्याच्या खोलीत सकाळी डबा भरता भरता त्या कोसळल्या, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही, हे संध्याकाळी समजलं. आता सहा आठवडे होत आले. एक तास सोडून बाहेर येऊन बसावं, एवढंही मला त्या दिवशी सुचलं नाही. ते आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं माझं वागणंही फारसं वेगळं नाही.

शिरूर तालुक्यातल्या कारेगावच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. त्या निमोण्याच्या, भाजीपाला आणि शेवंती पिकवणाऱ्या घरातल्या. स्टाफरूममध्ये रंगात आल्या की बोलणं सरळ गावाकडचं व्हायचं. कंपनीतल्या कामगारांची मुलं आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त, घरी हिंदी नाहीतर भोजपुरी बोलणारी. कुणीतरी शाळेला भेट दिलेले टॅब कपाटात पडून होते, वरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. बाईंनी किल्ली मागून ते बाहेर काढले आणि एक दिवस माझ्यासमोर वही उघडून बसल्या.

"गायकवाड सर, पाणी माझ्या विज्ञानात हाय, भूगोलात हाय, आन् तुमच्या कवितेतबी हाय. पण पोराच्या डोक्यात ते तीन ठिकाणी सांडतंय. एका भांड्यात नको का यायला?"

सहावी ते आठवीसाठी त्यांनी अभ्यासक्रमच नव्याने बांधायला घेतला. एका सत्राला एकच प्रश्न, आणि सगळे विषय त्याच्याभोवती. पहिला प्रश्न होता, आपल्या घरी पाणी कुठून येतं? मुलांनी क्षार मोजायचं मीटर बुडवून घराघरातलं पाणी तपासलं, आकडे टॅबवर भरले, गणिताच्या तासाला सरासरी काढली, भूगोलाच्या तासाला नकाशा केला. एका मुलीने बिहारमधल्या आजीला वर्गातूनच व्हिडिओ कॉल लावला आणि तिथल्या विहिरीची खोली विचारली. आजी हसत हसत, हात पसरून सांगत होती. सगळा वर्ग कान देऊन ऐकत होता. मी मात्र कुरकुरलो, "बाई, यात मराठी कुठं आहे?"

"पोरं ते मराठीत लिहिनार हायत ना. ते तुम्ही घ्या की अंगावर," त्या म्हणाल्या. मी घेतो म्हणालो. शाळेच्या अभ्यासक्रम समितीच्या बैठकीत ही योजना मी स्वतः वाचून दाखवली, टाळ्याही पडल्या.

मुलांनी तो नकाशा शाळेच्या प्रदर्शनात लावला. जिथलं पाणी वाईट, तिथं लाल टिकली. टिकल्यांची सगळ्यांत दाट रांग कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांवर आली होती, आणि त्या खोल्या आमच्या संस्थेच्या सचिवांच्या. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पा नकाशासमोर येऊन उभे राहिले. मग बाईंना एवढंच म्हणाले, "बाई, पोरांना धडं शिकवा. आमच्या बोअरची चव घ्यायला कुनी सांगितलं व्हतं तुम्हाला?"

"आप्पा, पोरं त्येच पानी पित्यात," बाई म्हणाल्या.

आठवड्याभरात समितीपुढे एक कागद आला. 'सदर उपक्रम समितीच्या मान्यतेविना राबविण्यात आला.' समितीत आम्ही पाच जण होतो आणि पाचही जणांना खरं काय ते ठाऊक होतं. पर्यवेक्षकाची जागा तेव्हा रिकामी होणार होती... मी सही केली. बाहेर व्हरांड्यात बाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, नीट वाचला आणि परत दिला. "सही सुरेख आलीय तुमची, सर." त्यांची बदली संस्थेच्या दौंडच्या शाळेत झाली. मी पर्यवेक्षक झालो. तीन वर्षं मी त्यांना एकदाही फोन केला नाही. त्यांनीही केला नाही.

शोकसभेत आप्पांनी त्यांना 'डिजिटल शिक्षणाची ज्योत' म्हटलं. शाळेने आता विकतचा, तयार अभ्यासक्रम आणलाय. पडद्यावर एक कार्टूनची बाई येते, धडा वाचते, चार पर्याय देते. ज्या खोलीत हे चालतं तिला वाबळेबाईंचं नाव द्यायचं ठरलं. मी पर्यवेक्षक म्हणून आभार मानले.

मागच्या शनिवारी शाळेचे काही कागद पोचवायला दौंडला गेलो. तिथल्या संगणक खोलीत एक तरुण शिक्षिका बसल्या होत्या. शिरूरहून आलोय एवढंच मी सांगितलं. बाईंचा विषय निघाला तसा त्यांनी संगणकावर एक फाइल उघडली. बाईंनी इथंही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती. इथला प्रश्न रेल्वेचा होता, कारण मुलं रेल्वेवाल्यांची. विज्ञानात रुळांचं उन्हाने वाढणं, गणितात वेळापत्रक, भूगोलात गाड्यांचे रस्ते. प्रत्येक रकाना खालपर्यंत भरलेला. फक्त शेवटचा रिकामा. त्यात एकच ओळ होती, 'मराठी : गायकवाड सर लिहितील.'

"मॅडमना मी म्हणायचे, मी लिहू का?" त्या शिक्षिका म्हणाल्या. "तर म्हणायच्या, राहू दे, त्यांनी अंगावर घेतलंय. तुम्ही शिरूरचे ना? हे गायकवाड सर ओळखीचे आहेत का तुमच्या?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि फाइल बंद केली.