स्पीकरवरचा फोन

आक्कांचं तोंड म्हणजे आमच्या शेल्टरचं अर्धं भांडवल. उरलेलं अर्धं म्हणजे पिंजरे, गाडी, औषधांचं कपाट आणि आम्ही. सल्ल्याचा फोन आक्कांकडे असायचा. कुत्रा सोफा फाडतो, मांजर खात नाही, पिल्लू रडून जीव काढतं, काहीही विचारा. आक्का घरच्या माणसासारखं समजावून सांगायच्या. पण कुणी जनावर आणून सोडायचं नाव काढलं की त्या स्पीकर लावायच्या, आणि आम्ही हातातलं काम टाकून जमायचो.

कारण तो आमचा खेळ होता. समोरच्याने पहिलं वाक्य बोलायचं आणि आम्ही त्याचं निमित्त ओळखायचं. घर बदलतोय, बाळ होणार आहे, बायकोला शिंका येतात. ओळखणाऱ्याला चहा. निमित्त कळलं की आक्का त्या माणसाला पुढे बोलूच द्यायच्या नाहीत. अशी बिनपाण्याने करायच्या की तो "ठेवतो, ठेवतो" म्हणत सुटायचा. एक जनावर बेघर व्हायचं वाचलं, म्हणून आम्ही खूश. माझं काम कुत्र्यांना आंघोळ घालायचं. हात साबणाने भरलेले असले तरी मी दारात येऊन ऐकायचे.

त्या दिवशी आवाज म्हाताऱ्याचा होता, सावकाश. "माझी कुत्री आहे, गुंडी नावाची. आता म्हातारी झाली. घरातच करते हल्ली. तर तिला तुमच्याकडे..."

"कळलं," आक्का म्हणाल्या. "म्हातारी झाली, घाण करायला लागली, म्हणून नकोशी झाली. उद्या तुम्ही अंथरूण ओलं केलंत तर तुम्हाला कुठे नेऊन सोडायचं?"

आमच्या ड्रायव्हरला हसू आवरेना. पलीकडून "चुकलं माझं, बाई," एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद झाला. चहा ड्रायव्हरने मिळवला.

पुढे बऱ्याच दिवसांनी एका शेजारणीने तक्रार केली. एकट्या म्हाताऱ्याच्या घरातून वास येतो, आत कुत्रं आहे, त्याचे हाल होत असणार. अशा तक्रारीवर आक्का स्वतः जायच्या. कुत्रं धुवावं लागणार म्हणून मलाही घेतलं. काय काय सुनवायचं ते त्यांनी गाडीतच जुळवून ठेवलं होतं.

दार उघडंच होतं. "कुणी आहे का?" आक्कांनी करड्या आवाजात विचारलं. खोली एकच. खिडकीखाली शिवणाचं यंत्र, भिंतीवर टांगलेली मोजपट्टी. जमिनीवर जुन्या वर्तमानपत्रांच्या चटया अंथरलेल्या, आणि त्या चक्क यंत्रावर शिवलेल्या होत्या, सरकू नयेत म्हणून. मधोमध एक लठ्ठ, पांढऱ्या तोंडाची कुत्री पडली होती. अंगावर एक गोचीड नाही. पट्ट्याला जुनी किल्ली बांधलेली, ती हलली की खणखणायची. भिंतीला हात लावत एक काका पुढे आले.

"वास येत असेल," ते म्हणाले. "मी पुसतो हो रोज. पण कुठे पुसायचं ते दिसत नाही."

आक्कांनी तोंडाशी आणलेलं सगळं गिळलं.

"आणि ही किल्ली?" मीच विचारलं.

"गुंडी कुठे आहे ते कळायला. नाहीतर पाय पडतो तिच्यावर."

गुंडी म्हटल्यावर मी आक्कांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता.

टेलरकाकांना काचबिंदू होता. ऑपरेशनची तारीख मिळाली होती. "तेवढे दिवस हिला ठेवून घ्याल का, हे विचारायला मी फोनही केला होता," ते म्हणाले. "तिथे एक बाई होत्या. फार बरोबर बोलल्या त्या. माझीच मला लाज वाटली. मग म्हटलं, राहू दे ऑपरेशन."

आमच्या फाटकावर पाटी आहे. मालक दवाखान्यात असेल तर त्याचं जनावर आम्ही सांभाळतो, असं तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय. ती पाटी आक्कांनीच हट्टाने रंगवून घेतली होती.

"आम्ही ठेवतो गुंडीला," आक्का म्हणाल्या. "तुम्ही आधी दवाखाना गाठा."

"त्या बाई रागावणार नाहीत ना?"

"नाही रागावणार."

'ती बाई मीच' हे काही आक्कांच्या तोंडून निघालं नाही. गाडीत म्हणाल्या, "मी सांगायला हवं होतं." हो म्हटलं असतं तर त्या रडल्या असत्या, आणि नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

गुंडीला त्यांनी पिंजऱ्यात जाऊ दिलं नाही. फोनच्या टेबलाखाली तिचं अंथरूण घातलं. ती तिथेच करायची आणि आक्का स्वतः पुसायच्या. मी फडकं घ्यायला गेले तर हात झटकला. स्पीकर बंद झाला, चहाही बंद झाला. लोक फोनवर रडगाणं लांबवायचे, आक्का शेवटपर्यंत ऐकायच्या. मधे बोलू नये म्हणून त्या ओठ दाबून धरायच्या. आम्हाला ते बघवत नव्हतं, म्हणून आम्ही आपापल्या कामाला लागायचो.

ऑपरेशन झालं. डावा डोळा जेवढा उरला होता तेवढा टिकला. उजवा गेलाच. आधी आला असतात तर तोही राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले. हे काकांनीच येऊन सांगितलं, गुंडीला न्यायला आले तेव्हा. त्यात तक्रार नव्हती, आणि तेच आक्कांना सोसेना. लाजेने त्यांचा चेहरा काळवंडला. दोरी काकांच्या हातात देता देता त्या म्हणाल्या, "काका, फोनवरची ती बाई मीच. माझ्यामुळे तुमचा डोळा गेला."

"ठाऊक आहे," काका म्हणाले. "तुम्ही दारात हाक दिलीत तेव्हाच आवाज ओळखला."

"मग माझ्या तोंडावर मला बरोबर कशाला म्हणालात?"

काका खाली वाकले, चाचपून त्यांनी गुंडीचा कान हातात घेतला. "भांडून कसं चाललं असतं, बाई? हिला ठेवायला मला दुसरं कुणी नव्हतं."