ओळख नसलेल्या देवाची शपथ

आमच्या शालिग्राममामांना देवासचे लोक आधी नास्तिक म्हणत, आणि नंतर तेच लोक भक्त म्हणू लागले. दोन्ही वेळा ते चुकले. पण लोकांना चुकायला कोण अडवणार!

देवासला दोन गाद्या, दोन पाती; त्यांतल्या एका पातीच्या फरासखान्यात मामा कारकून होते. थोरली पाती की धाकटी, ते सांगत नाही. दोन्हीकडचे सोयरे अजून हयात आहेत आणि भांडायला निमित्तच शोधत असतात. राहुट्या, कनाती, जाजमं यांची देखभाल हे मामांचं काम. माणूस शांत, पण एक खोड भारी. जे ठाऊक नाही ते ठाऊक आहे असं म्हणायचं नाही. आभाळ भरून आलं, वारा सुटला, आणि कुणी विचारलं की पाऊस येणार का, तर उत्तर ‘ठाऊक नाही’. आम्ही धारहून आलो की आई आपल्या या भावाला मुद्दाम असले प्रश्न विचारून पिडायची.

पुढे प्लेगच्या साली त्यांची चार वर्षांची मुलगी विनोदिनी, घरातली बिनी, गेली. समाचाराला आलेला जो तो म्हणाला, देवाची इच्छा. मामा प्रत्येकाला विचारत, “तुम्हाला कशी कळली?” तो टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. कुणाला ठाऊक असतं तर त्याचे पाय धरायची त्यांची तयारी होती. ठाऊक कुणालाच नव्हतं. त्या दिवसापासून देवाबद्दल त्यांनी शब्द काढला नाही, बराही नाही आणि वाईटही नाही. एवढ्यावरून ते नास्तिक ठरले.

मग तो उन्हाळा आला. आता जे सांगते ते उमामामीनं मला सांगितलेलं.

फरासखान्याच्या मागे खंडोबाचं लहानसं देऊळ होतं. मुखवट्याला चांदीचे डोळे, मेणानं चिकटवलेले. एका दुपारी गुरव रघुजी जेवून परत येतो तर डोळे गायब. देवळाच्या पायरीपाशी उदयनगरकडची झमकू उभी, डोक्यावर शिंदीच्या झाडूंचा भारा, कडेवर तान्ही मुलगी. जंगलातली बाई, नवरा मजुरीला कन्नौदला गेलेला, तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही. झालं! रघुजीनं आरडाओरडा केला, भारा विसकटला, लुगड्याची झडती झाली. काही सापडलं नाही, तरी बाईला कोठडीत घातलं.

तिनं डोळे घेतले नव्हते हे एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. रघुजी जेवायला गेल्यापासून झमकू फरासखान्याच्या अंगणात मामांच्या देखत झाडू बांधत बसली होती. भारा उचलून ती देवळापाशी पोचते न पोचते तोच रघुजी ओरडला. मामा दारातून पाहतच होते. बाकीचे सगळे जेवायला गेलेले. साक्षीदार एकटे मामा.

अदालतीत भैयासाहेब न्यायाधीश होते. दरबारी घराण्यातले, मनानं वाईट नव्हते, पण रीतीच्या बाहेर पाऊल टाकायचे नाहीत. तिथली रीत अशी की साक्षीदारानं ताटातला बेलभंडार, म्हणजे बेलाचं पान आणि हळद, हातात उचलायचा आणि म्हणायचं, ‘खंडोबास ओळखून, तो पाहतो आहे हे जाणून, खरे ते सांगतो.’

मामांनी हात पुढे केला आणि थांबवला.

“साहेब, ‘खरे ते सांगतो’ एवढं म्हणतो. त्याआधीचं म्हणवत नाही.”

“का बरं?”

“माझी त्याची ओळख नाही.”

लोक हसले. रघुजी तर टाळी वाजवायचाच बाकी होता. भैयासाहेब हसले नाहीत. म्हणाले, “पंत, फिजूल वाद नको. शपथ नाही तर साक्ष नाही, आणि साक्ष नाही तर ही बाई तुरुंगात जाईल. उद्या सकाळपर्यंत विचार करा.”

झमकूला यातलं निम्मंच कळलं. बाहेर नेताना ती मामांपाशी थबकली. “पंतसाब, तम तो देख रिया था नी? बोली दो नी.” शिपायानं तिला पुढे ढकललं.

संध्याकाळी मामा पानावर बसले आणि तसेच उठले. उमामामी आमच्या धारची, तिला गोल गोल बोलता येत नाही. म्हणाली, “देव आहे की नाही ते तुम्ही आणि तो बघून घ्या. ती बाई आत आहे, हे तर ठाऊक आहे ना?”

“खरं सांगण्यासाठी आधी खोटं बोलू? बिनीच्या वेळी सगळे हेच करत होते, उमा. ठाऊक नसताना ठाऊक आहे म्हणत होते. मला तेव्हा किती राग आला होता, तुला माहीत आहे.”

बिनीचं नाव निघालं तशी मामी त्यांचं पान झाकू लागली. झाकता झाकता एवढंच म्हणाली, “तिच्याही कडेवर मुलगीच आहे.”

दुसऱ्या दिवशी अदालतीत पाय ठेवायला जागा नव्हती. नास्तिक काय करतो ते पाहायला सगळी मंडळी जमली होती. पुढे ताट आलं. मामांचा आवाज नीट होता.

“साहेब, माझी शपथ मला माझ्या शब्दांत घेऊ द्या. तो पाहतो की नाही, मला ठाऊक नाही. मी पाहिलं, एवढं ठाऊक आहे. तो पाहत असेल तर माझं खोटं त्याच्यापुढे टिकणार नाही. आणि वर पाहणारं कुणीच नसेल, तर त्या दुपारचं पाहणारा मी एकटा उरतो. मग तर मला खोटं बोलायची मुभाच नाही.”

कुणी हसलं नाही. भैयासाहेब म्हणाले, “पंत, माणूस म्हणून मला हे पटलं. पण उद्या दुसरा येईल, परवा तिसरा, आणि जो तो आपापली शपथ रचेल. मला ही चालवता येत नाही.” मग कारकुनाकडे वळून म्हणाले, “साक्षीदार नाही असं लिहा.”

कारकुनानं टाक दौतीत बुडवला. झमकूची मुलगी रडायला लागली. झमकूनं तिला छातीशी धरलं आणि ती मामांकडे पाहत राहिली.

“थांबा,” मामा म्हणाले.

त्यांनी बेलभंडार उचलला. थोडी हळद कोटावर सांडली. “खंडोबास ओळखून,” असं मोठ्यानं म्हणून ते अडले. “तो पाहतो आहे हे जाणून, खरे ते सांगतो.” मग त्यांनी त्या दुपारचं सगळं सांगितलं, शब्दही इकडचा तिकडे न करता. झमकू सुटली. ते डोळे कुणी नेले ते आजवर कळलेलं नाही. देवाला दुसरे करून बसवले.

बाहेर लोकांनी मामांना घेरलं. देवानं सद्बुद्धी दिली म्हणाले. रघुजीनंही बळेबळे अंगारा लावला. घरी येऊन मामा कोट न काढता ओसरीवर बसले आणि मामीला म्हणाले, “आज मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो. बोललो ते त्याच्याच नावानं.”

पुढच्याच रविवारी ते खंडोबाच्या देवळात गेले. त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. फूल नाही, नारळ नाही. पाच-दहा मिनिटं हात जोडून उभे राहायचे आणि परत यायचे. गावानं त्यांना भक्त ठरवलं, आणि भैयासाहेब आपल्या नातवंडांना त्यांचं उदाहरण देऊ लागले.

मी मोठी झाल्यावर एका रविवारी त्यांना दारातच गाठलं. ते पायात जोडे घालत होते. आता वाकायला त्रास व्हायचा. मी विचारलं, “मामा, झाली का मग त्याची ओळख?”

“नाही गं. भर अदालतीत ओळख आहे म्हणून सांगून आलो, त्याची माफी मागायला जातो.”

“आणि तो नसलाच तर?”

मामा काठी घेऊन उभे राहिले. “तेच तर आहे, पोरी. तो नसेल तर मला माफ करणारंही कुणी नाही. मग एकदा जाऊन कसं भागेल?”

आणि उन्हातून देवळाकडे निघाले.