जुबेदाआपाच्या अत्तराबद्दल माझी तक्रार

समस्त भिवंडीकरांनो, हातातला चहा खाली ठेवा. बायकोलाही कधी सांगितलं नाही, ते आज जाहीर करतो आहे. पन्नाशीतल्या, भारदस्त मिशीच्या या गृहस्थाला एका म्हाताऱ्या शेजारणीचा मत्सर वाटत होता. होय, मत्सर. चांगला जळजळीत.

माझा धंदा हसवण्याचा. लग्न असो, बारसं असो, माइक माझ्या हातात आणि अख्खा मांडव हसतोय. आणि घरात? आई अंथरुणाला खिळलेली. मी औषधं द्यायचो, डायपर बदलायचो, रोज नवा किस्सा रंगवायचो. ती नुसतं हं म्हणायची. दुपारी खालच्या मजल्यावरची जुबेदाआपा यायची. फारसं न बोलता आईच्या पायांना तेल चोळायची, वेणी घालायची. ना नात्याची, ना गोत्याची. तिला मिळायचं काही नाही, मागायचीही काही नाही. आणि आई तिच्याकडं बघून अशी हसायची की — कसं सांगू? ते हसू माझं होतं. माझ्या हक्काचं. नाही का?

मग मी काय केलं? आपाला जिन्यात गाठलं आणि अगदी काळजीच्या सुरात सांगितलं, तुमच्या अत्तरानं आईचं डोकं दुखतं. वाटलं, रुसेल, यायची थांबेल. दुसऱ्या दिवशी ती बिनअत्तराची हजर. मी हार मानतो होय? आठवड्यानं सांगितलं, बांगड्यांच्या आवाजानं आई दचकते. भिंतीपलीकडं दिवसरात्र कापडाचे लूम धडधडतात, आणि म्हणे काचेच्या चार बांगड्यांनी झोपमोड! आपा मान हलवून खाली गेली. मला वाटलं — जिंकलो.

दुसऱ्या दुपारी ती आली. मनगटं उघडी. नवरा धडधाकट असलेली बाई, माझ्या एका थापेपायी. आईनं तिचा हात धरला, घाबरून विचारलं, घरी सगळं ठीक ना? आपानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, धुणं धुताना काढल्या, घालायच्या राहिल्या.

तेव्हा खरं बोलता आलं असतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पुढं आई गेली, तोवरही बोललो नाही. आपानं तो विषय कधीच काढला नाही. पण त्या दुपारी, मी तिथंच उभा असताना, आई तिचं मनगट चाचपत बोलून गेली, "घाल गो त्या बांगड्या. जिन्यावर वाजल्या का मला कळतं, माझं मानूस आलं."