सासऱ्यांबरोबर ओळखलेल्या मुंग्या

मंडळी, आज सकाळी जळगावच्या आमच्या घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर मुंग्यांची रांग लागली. नुकतीच लग्न होऊन आलेली आमची सूनबाई औषध फवारायला निघाली. मी म्हटलं, "थांब गं, या काळ्या लांब पायांच्या आहेत. चावत नाहीत, नुसत्या पळतात."

"आई, तुम्हाला मुंग्या ओळखता येतात?" तिने बिचकतच विचारलं.

तिला सांगितलं तेच तुम्हालाही सांगते.

नव्वद सालच्या आसपास मी लग्न होऊन धुळ्याला आले. सासऱ्यांना, म्हणजे नानांना, मी फार घाबरायचे. ते बोलायचेच कमी. एका दुपारी मी अंगणात बाजरी वाळत घालत होते, तर नाना भिंतीशी वाकून बसलेले. चक्कर आली की काय म्हणून मी धावले.

"हळू! हाई देख," ते अहिराणीत म्हणाले, "बठ्ठा दाना उनमा टाकेल शेतस."

मुंग्यांनीही बिळाबाहेर दाणे वाळत घातले होते! आम्ही दोघं पोट धरून हसलो.

मग रोज दुपारी आमचा तोच उद्योग, मुंग्या ओळखायचा. गुळाच्या डब्याजवळची बारीक लाल मुंगी कडकडून चावते. मुंगळा एकदा चिकटला की सोडत नाही. निंबाच्या खोडावर एक काळी, पण मधल्या भागात तांबडी मुंगी असायची. तिचं नाव काही आम्हाला सापडलं नाही. पण सासरचं ते घर मात्र माझं झालं.

हे ऐकून सूनबाई औषध ठेवून रांगेच्या मागे निघाली. थोड्या वेळाने गॅलरीतून ओरडली, "आई, लवकर या! कुंडीत राहतात या!"

आल्यापासून इतक्या मोकळ्या आवाजात तिने मला पहिल्यांदाच हाक मारली.

तुमची सासरी पहिली गट्टी कशावरून जमली?