मामाचं हृदय उजवीकडे

डॉक्टरीणबाई अजून डॉक्टर झाल्या नव्हत्या. ही पदवी तिला वरच्या मजल्यावरच्या मामाने बहाल केली होती आणि तिला विद्यापीठाची मान्यता नव्हती.

महासाथ आली, कॉलेजला कुलूप लागलं आणि वैद्यकशास्त्राचं तिसरं वर्ष तिच्या खोलीत मुक्कामाला आलं. सर पडद्यावरून एका माणसाच्या छातीवर बोटं टेकवत, "आता नीट बघा, हृदयाचा ठोका इथे..." म्हणत, आणि नेमकं तेव्हाच चित्र थिजायचं. सरांचा उघडा जबडा मग वर्गाला निवांत न्याहाळता यायचा. दातांचं कॉलेज असतं तर सोय झाली असती.

उणीव होती ती रुग्णाची. ती मामाने भरून काढली. मामाचं काम लिफ्ट दुरुस्तीचं, तेही बंद. रोज संध्याकाळी तो शर्ट काढून स्टुलावर बसायचा आणि गुदगुल्या सोसायचा. पुढेपुढे तर "खोल श्वास घ्या" म्हणायच्या आत तो घेऊन मोकळा व्हायचा. रुग्ण म्हणून त्याची प्रगती तिच्याहून वेगवान होती.

प्रात्यक्षिक परीक्षाही घरूनच ठरली. पास होतील त्यांना पुढच्या महिन्यात वॉर्डात खरे रुग्ण बघायला मिळणार होते. नापासांना पुन्हा हेच वर्ष आणि हेच थिजलेले सर. नियम एकच कडक होता: तपासताना हात सतत कॅमेऱ्यात दिसले पाहिजेत. त्यामुळे इतके दिवस मामाकडे बघून तपासणारी ती परीक्षेच्या दिवशी लॅपटॉपवरच्या स्वतःच्या चित्राकडे बघून तपासू लागली.

"हृदयाचा ठोका शोधा," पडद्यावरचे परीक्षक जांभई गिळत म्हणाले.

व्हिडिओत सर पडद्याच्या ज्या बाजूला हात ठेवत, त्याच बाजूला तिने हात ठेवला. बोटांना काहीच लागेना. तिने बोटं आणखी दाबून पाहिली.

"सर, इथे ठोका लागत नाही."

"लग्न झाल्यापासून मी हेच सांगतेय," दारातून मामी म्हणाली.

तिने बोटं पलीकडे सरकवली. तिथे हृदय लिफ्टच्या मोटरीसारखं धडधडत होतं. तिचे डोळे चमकले. असं हजारोंत एखाद्याचं असतं हे तिने वाचलं होतं; रोज संध्याकाळी ते कुठे लागायचं, हे परीक्षेच्या गडबडीत आठवलंच नाही.

"सर, रुग्णाचं हृदय उजवीकडे आहे!"

मामाचा चेहरा पांढराफटक पडला. मामी फोन घेऊन वर पळाली. परीक्षकांची जांभई अर्ध्यावर थांबली. यावेळी चित्र थिजलं नव्हतं.

"रुग्णाला उजवा हात वर करायला सांगा," ते शांतपणे म्हणाले.

मामाने हात वर केला. तिने पहिल्यांदाच पडद्यावरची नजर काढून मामाकडे पाहिलं. हात एका बाजूला होता आणि तिची बोटं दुसऱ्या बाजूला. लॅपटॉप आपलंच चित्र आपल्याला आरशासारखं उलटं दाखवतो, हे तिला कळलं. पण चोर पळून गेल्यावर पोलीस यावेत तसं.

"हृदय जागच्या जागी आहे, सर," ती पुटपुटली. "मी मामाला नाही, पडद्याला तपासत होते. आधी ठोका लागला नाही, कारण मी उजवीकडेच शोधत होते."

परीक्षकांनी चष्मा पुसला. "सकाळपासून सगळे मला 'हृदय नॉर्मल' सांगतायत. एकाचा स्टेथोस्कोप तर गळ्यातच होता, कानात नव्हता. तुम्ही निदान हाताला लागलं तेच बोललात, आणि लागलं नाही तेही. आता लॅपटॉप भिंतीकडे वळवा आणि पुन्हा तपासा. मी नुसता ऐकतो."

लॅपटॉप वळवल्यावर परीक्षकांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहत पुढची सगळी परीक्षा घेतली. यावेळी ठोका पहिल्याच स्पर्शाला लागला. पुढचंही सगळं तिने मामाकडे बघत, न अडखळता सांगितलं.

"वॉर्डात भेटू," कॅलेंडरला उद्देशून परीक्षक म्हणाले. "आणि तिथे कॅमेरा नसतो, बरं का."

ती पास झाली. मामाने शर्ट घातला, पण गुंड्या लावायला तो तयार नव्हता.

"म्हणजे मी अगदीच साधा?"

"अगदी पुस्तकातल्यासारखा, मामा."

तेवढ्यात वरून मामी आली. तोवर तिने सगळ्या नातेवाइकांना फोन केले होते. संध्याकाळभर फोन वाजत राहिला. खुलासा कुणी ऐकून घेतला नाही, निकाल कुणी विचारला नाही. मामा मात्र दर फोनला आवाज बारीक करून सांगत होता, "हो, आता बरं आहे. आमच्या डॉक्टरीणबाईंनी परत जागेवर आणलं."