सोमवारचा पहिला नंबर

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं, तेव्हा मी अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीचा कॉम्प्युटर सांभाळायची. कॉम्प्युटर एकच, काचेच्या थंडगार खोलीत ठेवलेला. चपला बाहेर काढून आत जायचं. बाहेरच्या हॉलमध्ये त्याला जोडलेले टर्मिनल आणि त्यांच्यापुढे बसलेले सगळे प्रोग्रामर. डिस्कही सगळ्यांत मिळून एक, म्हणून प्रत्येकाला तिच्यावर वेगळा कप्पा आणि जागा ठरवून दिलेली. कोणी किती जागा अडवली ते दर सोमवारी सकाळी तपासायचं आणि कागद दारावर चिकटवायचा, हे माझं काम. मला ते मनापासून आवडायचं. जुन्या फाइली काढा म्हणून मी हात धुऊन मागे लागायची, तेव्हा पोरं पाठीमागे मला ‘वॉर्ड ऑफिस’ म्हणत. म्हणेनात का. अतिक्रमण हटवणाऱ्याला लाडाने कोण हाक मारतं?

सगळ्यांत जास्त जागा अडवून कागदावर ज्याचा नंबर पहिला, त्याने अकराच्या चहाला सगळ्यांना खायला घालायचं, असा दंड पोरांनीच ठरवून घेतला होता. बहुतेक जण कोपऱ्यावरचे वडे मागवत.

अशात एक नवा मुलगा आला. राहायला नाहूरला, आईबरोबर. काम चोख, बोलणं बेताचं. अजून कायम व्हायचा होता. तो बौद्ध आहे हे आडनावावरून सगळ्यांना पहिल्याच दिवशी कळलं. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. फक्त जेवणाच्या सुट्टीत डबे टेबलाच्या मधोमध सरकत, एकमेकांच्या भाजीत हात जात, आणि त्याचा डबा त्याच्या पुढ्यात तसाच राही. आम्ही बायका पलीकडच्या टेबलावर बसायचो, तिथून मला हे रोज दिसायचं. चीड यायची. पण ‘याच्या डब्यातलं खा’ असं कुणाला कसं सांगणार?

मग एका सोमवारी त्याचा नंबर पहिला आला. ‘उद्या आणतो,’ म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या डब्यातून आईच्या हातचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आला. टेबलाशी क्षणभर सगळे घुटमळले. मग कुणीतरी ‘दंड म्हणजे दंड, यार’ म्हणत हात घातला, आणि डबा बघता बघता रिकामा झाला. झकास, झकास म्हणत पोरांनी चटणी पुसून खाल्ली. त्या दिवशी त्याला मोठ्याने हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.

पुढच्या सोमवारीही तोच पहिला. त्याच्या पुढच्याही. गंमत म्हणजे मी कागद चिकटवायच्या आधीच तो मोठा डबा घेऊन हजर असायचा. तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली. निकालाआधी पेढे वाटणारा कधी कुणी पाहिलाय?

तेवढ्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ‘हा मुलगा डिस्क भरून टाकतो दर आठवड्याला. कायम करायचं की नाही याचा विचार करावा लागेल,’ म्हणाले. मी बाहेर येऊन त्याच्या फाइली तपासायला बसले. त्याच्या स्वतःच्या कप्प्यात किरकोळ सामान होतं. बाकीचा पसारा दुसऱ्यांच्या कप्प्यांत, पण त्याच्या नावावर. आमच्या मशीनवर फाइल ज्याच्या नावावर, जागा त्याच्या खात्यात. आणि स्वतःची फाइल दुसऱ्याच्या नावावर करायला त्या दुसऱ्याला विचारावंही लागत नसे. पोरांनी दंड चुकवायला आपापलं ओझं या गरिबाच्या डोक्यावर टाकलं होतं.

मी त्याला आत बोलावून सगळं दाखवलं.

‘माहीत आहे, मॅडम,’ तो शांतपणे म्हणाला.

‘माहीत आहे? आणि गप्प बसलास? अरे, साहेब तुला कायम करत नाहीत यापायी. वाट लागेल ना तुझी.’

‘राहू द्या ना, मॅडम. थोडे दिवस.’

‘का पण?’

तो काचेतून बाहेर बघत राहिला. ‘सोमवारी माझ्या डब्यातलं सगळे खातात. आई विचारते, पोरांना आवडलं का. मी सांगतो, एकही उरला नाही.’

मला राग आला. बाहेर बसलेल्या एकेकाचा आला. पण नोकरी गेली तर सोमवारही जाणार, हे तरी त्याला कळायला नको? मी त्याचं ऐकलं नाही. शनिवारी दुपारी एकेक फाइल ज्याची त्याच्या नावावर परत केली, असं दुसऱ्याच्या नावावर काही करण्याची सोयच सगळ्यांसाठी बंद केली, आणि साहेबांना खरं काय ते सांगितलं. सोमवारी त्याचं नाव कागदाच्या तळाशी गेलं. महिनाअखेरीस तो कायम झाला. पोरांनी हात मिळवले, पाठ थोपटली. सोमवारी पुन्हा कोपऱ्यावरचे वडे येऊ लागले, आणि सुट्टीत त्याचा डबा पुन्हा त्याच्याच पुढ्यात राहू लागला.

काही आठवडे असेच गेले. मग एका सोमवारी सकाळी तपासणी केली, तर त्याचा नंबर पहिला. म्हटलं, पोरांनी नवी पळवाट शोधली की काय. बघितलं, तर एकच अवाढव्य फाइल होती, त्याच्या स्वतःच्या कप्प्यात, त्यानेच शनिवारी संध्याकाळी बनवलेली. उघडली. आत काहीच नव्हतं. पानामागून पानं नुसती शून्यं.

अशी फाइल दिसली की पुसून टाकायची, हे माझं काम होतं. मी काचेतून बाहेर पाहिलं. तो जागेवर बसला होता, आणि मोठा डबा त्याच्या पायाशी होता. मी कागद छापला आणि दारावर नेऊन चिकटवला.

‘काय रे, कायम झालास आणि परत पहिला?’ कुणीतरी ओरडलं. तो हसला आणि अकरा वाजायची वाट न बघता डबा उघडायला लागला.