देवणीच्या भिंतीवरचे डोळे

आधीच सांगतो, भूत-बीत, दैवी-बिवी असलं काही मी मानत नाही. या सदरातले अनुभव मी वाचतो ते हसायला. तीच ती पांढऱ्या साडीतली बाई, तीच बंद पडलेली गाडी, आणि शेवटी "इथं पूर्वी एक अपघात झाला होता बरं का" म्हणणारा चहावाला... अरे, आपल्याकडं अपघात कुठल्या रस्त्यावर झालेला नाही? तरीही लिहायला बसलोय, कारण माझ्या मेहुण्यानं – संगमेश्वरनं, म्हणजे आमच्या संगूनं – उदगीरभर बोंब मारून ठेवलीय की दाजीला दूरचं दिसतं. परवा एक बाई स्टुडिओत आली ती हरवलेली म्हैस कुठं आहे विचारायला! म्हशीचं मला माहीत नाही. जे झालं ते खाली जसंच्या तसं लिहितोय. वाचा आणि मला सोडा.

उदगीरला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, डोहाळजेवण, आणि हल्ली ते प्री-वेडिंग नावाचं थेर. किल्ल्यात नवरी गाऊन घालून पळते, तिच्यामागं नवरा पळतो, आणि दोघांच्या मागं मी, या वयात. या सगळ्याचा वीट येऊन कधीचं ठरवलं होतं की एकदा गाडी काढायची आणि नुसती जंगलं करायची. नांदेडवरनं टिपेश्वर, तिथनं ताडोबा, मग पेंच, मग कान्हा. माणसाचं एक थोबाड काढायचं नाही, फक्त जनावरं! लग्नं बंद म्हणून पौषातच जमणार, आणि दर पौषात काहीतरी आडवं यायचं. कधी बायकोचं ऑपरेशन, कधी लॉकडाऊन, कधी संगूच्या आडतीवर तुरीची आवक. यंदा एकदाचं जमलं.

निघायच्या थोडं आधी देवणीचं एक काम केलं होतं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवा नेत नाहीत. बसवतात, कपाळाला विभूती लावतात, फुलांनी मढवतात. आणि फोटोग्राफरला बोलावतात. बऱ्याच म्हाताऱ्यांचा तोच पहिला धड फोटो असतो. आधार कार्डावरच्या फोटोत तर ते चोरी करताना सापडल्यासारखे दिसतात. मग घरचे म्हणतात, "ह्योच भिंतीला लावायचा हाय, तेवढे डोळे उघडून द्या." हे आमच्या धंद्यातलं नेहमीचं काम. कॉम्प्युटरवर दुसऱ्या कुणाचे तरी डोळे आणून मिटलेल्या डोळ्यांवर बसवायचे. मी माझेच बसवतो. वेगवेगळ्या उजेडात काढून ठेवलेत, लागतील तसे वापरतो. घरचे फ्रेम बघतात, "आप्पा अगदी समोर बसून राहिलेत" म्हणून रडतात. लोक फोटो बघतच नाहीत, हार बघतात.

देवणीचे शिवलिंगआप्पा त्यातलेच एक. मुलगा महादेव लातूरला नोकरीला, घरी आता एकटी आई, नीलव्वा. फ्रेम मीच नेऊन दिली आणि मीच भिंतीला लावली, कारण महादेवला खिळा ठोकता येत नाही. इंजिनिअर आहे. हिरवी भिंत, खाली शिलाई मशीन, आणि समोर स्वयंपाकघराचं दार. चहा घेतला आणि निघालो. पुन्हा त्या घराचा विचारही केला नाही.

तर पौषात निघालो. संगूनं बोनेटला लिंबू-मिरची बांधली होती, ती मी मुखेडच्या पुढं तोडून फेकली. त्यावर त्यानं नांदेडपर्यंत तोंड फुगवलं. नांदेडला पोटभर खाल्लं तेव्हा कुठं बोलायला लागला, आणि मग संध्याकाळी मुक्कामाला पोहोचेपर्यंत थांबलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टिपेश्वरला जिप्सीत बसलो. आम्ही दोघं, गाईड आणि ड्रायव्हर. उन्हं नुकती वर आली होती. एकाएकी वानरं ओरडायला लागली, गाईडनं बोट केलं, आणि बांबूतनं वाघीण निघून सरळ रस्त्यावर आली. आमच्याकडं तोंड करून, निवांत, आपल्याच घरच्या अंगणात आल्यासारखी. कॅमेरा डोळ्याला लावला.

आत वाघीण नव्हती.

आत एक खोली होती. उंचावरनं दिसत होती, भिंतीवर चढून बसल्यावर दिसेल तशी. खाली शिलाई मशीन, समोर स्वयंपाकघराचं दार, आणि दारात नीलव्वा पडलेली. एक पाय विचित्र मुडपलेला, शेजारी कळशी आडवी, फरशीभर पाणी. ती वर माझ्याकडं बघत होती. ओठ हलत होते.

कॅमेऱ्यावरनं डोळा काढला. वाघीण, बांबू, सगळं जागच्या जागी. पुन्हा लावला. खोली. मी काही येडा नाही... पहिला विचार हाच, की बटण दाबलं जाऊन कार्डावरचा जुना फोटो आला असेल. पण कार्ड कोरं होतं, आणि फोटोत पाणी पसरत नाही. कॅमेरा बंद करून चालू केला, लेन्स काढून पुन्हा बसवली. वाघीण समोर आणि मी लेन्स काढून बसलोय! शेवटी कॅमेरा संगूच्या हातात दिला.

"बघ. काय दिसतंय?"

"वाघ दिसून राहिलाय, दाजी! लई झकास! मारा की फोटो!"

मी पुन्हा डोळ्याला लावला. नीलव्वानं हात उचलला आणि तो खाली पडला.

उपाशी पोटी चहा घेतला, ॲसिडिटी डोक्यात गेली असेल, असं स्वतःला सांगून बघितलं. पण हे खरं असेल तर देवणीत एक बाई एकटी पडलीय आणि ते जगात फक्त मला ठाऊक आहे. मी फोटो काढत बसलो तर ती मरेल. एवढं साधं होतं ते, आणि एवढं बावळटपणाचं. असल्या थापा मारणाऱ्यांना मी आयुष्यभर जोड्यानं मारायच्या लायकीचे म्हणत आलो!

"गाडी मागं घ्या," मी ड्रायव्हरला म्हणालो. "गेटवर चला. मोबाईलला रेंज पाहिजे."

गाईड माझ्याकडं बघतच राहिला. संगू उभाच राहिला जिप्सीत. "येड लागलं का दाजी? अवं वाघ हाय, वाघ! कैक वर्सं ह्याच्यासाठीच मरून राहिलाव ना तुमी?"

"खाली बस!" मी ओरडलो. त्या आवाजानं वाघीण बांबूत गेली, म्हणजे वादच मिटला.

गेटच्या बाहेर रेंज आली तसा महादेवला फोन लावला. आता सांगायचं काय? तुमची आई मला कॅमेऱ्यात दिसली? माझ्या तोंडून ते निघेना, म्हणून सरळ खोटं बोललो. "महादेवराव, फ्रेमचा खिळा कच्चा बसलाय. खाली आई असल्या आणि डोक्यात पडली तर? शेजारच्याला आत्ताच्या आत्ता घरात पाठवा."

"फ्रेमसाठी? सकाळी सकाळी?"

"हाव, फ्रेमसाठी. पाठवा म्हणतो ना!"

तो चिडला, पण त्यानं पाठवलं. थोड्या वेळानं त्याचाच फोन आला, आवाज रडवेला. शेजाऱ्यांनी दार तोडलं होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात पडलेली, खुब्याचं हाड मोडलेलं, गारठून गेलेली. उदगीरला हलवून राहिलेत. "तुमचे उपकार कसे..." वगैरे. मी फोन ठेवला आणि गेटशेजारीच संगूला सगळं सांगून टाकलं. संगू पाठीवरनं हात फिरवत होता आणि मोठमोठ्यानं शंभोचं नाव घेत होता, आणि त्याला गप बस म्हणायचंही त्राण माझ्यात नव्हतं.

पुढं ताडोबा, पेंच, कान्हा सगळं केलं. बुकिंग होतं म्हणून केलं. कॅमेऱ्याला डोळा लावायची हिंमत झाली नाही. मागच्या स्क्रीनवर बघून हरणं काढली. वाघ पुन्हा दिसला नाही.

आल्यावर नीलव्वाला भेटायला देवणीला गेलो. ऑपरेशन होऊन घरी आली होती, फ्रेमच्या समोरच खाट टाकलेली. महादेव औषधं आणायला बाहेर गेला. मला त्या भिंतीकडं बघवेना. म्हणालो, "अव्वा, फोटो जरा बिघडलाय. नवा करून देतो."

"डोळ्याचं म्हणून राहिलाव का?" ती म्हणाली. "ते मालकाचे न्हाईत. मला त्याच दिशी कळालं."

मी विचारलं, "मग बोलला का न्हाईत?"

"काय बोलायचं? मालक गेले, पर उभ्या जन्मात माझ्याकडं मान वर करून बगितलं न्हाई त्यांनी. ताट वाढलं की ताटाकडं बगायचे. ह्ये तरी बगतेत." मग फ्रेमकडं बोट करून म्हणाली, "पडले तवा हाक तरी कुनाला मारू? लेक लातुरात. ह्येनलाच म्हनलं, नुसतं बगत काय बसलाव? सांगा की कुनाला तरी!"

फोटो मी बदलला नाही. तिनंच बदलू दिला नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. माझे डोळे देगलूर, उमरी, निलंगा, कुठकुठल्या भिंतींवर हाराखाली लटकून राहिलेत, तिथलं मला कधी काही दिसलं नाही. हिचंच का दिसलं, ते विचारू नका. तर्क लढवणारे लढवतील, त्यांना दुसरा उद्योग नसतो. मी परत लग्नं करतोय. कॅमेरा डोळ्याला लावताना आता क्षणभर थांबतो, आणि हे कबूल करायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला ती खोली दिसावी असं वाटतं. नीलव्वा काठी टेकत का होईना चालताना दिसावी. तसं काही दिसत नाही. समोर मुंडावळ्या बांधलेला कुणीतरी दात काढून उभा असतो, मी त्याला "हनुवटी खाली" म्हणतो, आणि फोटो काढतो.